रोमांश शिकायची असेल तर आधी खोरे ठरवावे

स्वित्झर्लंडची नोट हातात आली तर तिच्यावर राष्ट्रीय बँकेचे नाव चार भाषांत छापलेले दिसते. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन या तीन ओळखीच्या भाषांसोबत जी चौथी ओळ असते ती रोमांश भाषेची. इसवी सनापूर्वी १५ मध्ये रोमन सैन्याने आल्प्समधला रेशिया हा मुलूख जिंकला. तिथे रुजलेल्या बोलीभाषेतील लॅटिनपासून ही भाषा घडली, आणि आज ती देशाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या ग्राउब्युंडेन या एकमेव त्रैभाषिक कॅन्टनमध्ये, म्हणजे स्विस घटकराज्यात, बोलली जाते. २००० सालच्या जनगणनेत सुमारे ३५,००० लोकांनी ती आपली सर्वांत चांगली अवगत असलेली भाषा म्हणून नोंदवली, तर घरी, शाळेत किंवा कामावर ती नेहमी वापरणाऱ्यांची संख्या सुमारे ६०,००० भरली. नोकरीनिमित्त झ्युरिक किंवा बाझेल येथे राहणाऱ्या अथवा निव्वळ कुतूहलापोटी पुण्या-ठाण्यात बसून शिकू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाने ही भाषा कोठून आणि कशी धरावी, याचा मार्ग पुढे दिला आहे.

पहिला निर्णय : कोणती रोमांश?

फ्रेंच शिकायची म्हटल्यावर फ्रेंचचे पुस्तक आणून सुरुवात करता येते. रोमांशच्या बाबतीत तसे करता येत नाही, कारण तिची लेखी रूपे पाच आहेत आणि त्यांतील प्रत्येकाला स्वतःचे शुद्धलेखन, व्याकरण आणि शब्दकोश आहे. ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे सुरसेल्वात, सुर्सिल्वान चालते. त्याच नदीच्या मागच्या फाट्याच्या काठी सुत्सिल्वान. युलिया आणि आल्बुला या नद्यांच्या परिसरात सुर्मिरान. इन नदीच्या खोऱ्यात, म्हणजे एंगाडिनमध्ये, वरच्या भागात पुतेर आणि खालच्या भागात वालादेर. इटलीच्या सीमेला लागून असलेल्या म्युश्ताइरच्या खोऱ्यातले लोक याउएर नावाची स्वतःची बोली बोलतात, परंतु लिहिताना वालादेर वापरतात. 'मी' या एका शब्दासाठी सुर्सिल्वान 'येउ', सुत्सिल्वान 'यौ', सुर्मिरान 'इया', पुतेर 'एआउ' आणि वालादेर 'एउ' म्हणते, तर म्युश्ताइरवाले 'याउ' म्हणतात, आणि त्यावरूनच शेजाऱ्यांनी त्यांच्या बोलीला याउएर हे नाव दिले.

ही विविधता नुसत्या डोंगरांमुळे आलेली नाही, तिला छपाईचाही हातभार लागला. धर्मसुधारणेच्या काळात प्रत्येक खोऱ्यातल्या पाद्र्याने आणि पंडिताने आपापल्या लोकांच्या भाषेत धर्मग्रंथ छापले. सामेदानच्या याकियाम बिफ्रुन याने १५६० मध्ये नव्या कराराचे पुतेर भाषांतर प्रसिद्ध केले. दुरिक कियाम्पेल याचे वालादेरमधले स्तोत्रसंग्रहाचे पुस्तक १५६२ मध्ये आले. सुत्सिल्वान आणि सुर्सिल्वान या रूपांतली पहिली छापील पुस्तके अनुक्रमे १६०१ आणि १६११ सालची आहेत. या सगळ्यांना एका सूत्रात ओवू शकेल असे मोठे शहर एकच होते, ते म्हणजे बिशपचे ठाणे असलेले कूर; परंतु १४६४ च्या आगीत ते जळाले, ते पुन्हा उभारायला जर्मन बोलणारे कारागीर आले आणि शहर हळूहळू जर्मनभाषक झाले. मराठीच्या प्रमाण रूपाला पुण्याचा आधार मिळाला. रोमांशला तिचे पुणे मिळता मिळता राहिले, असे म्हणायला हरकत नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून लिया रुमांचा या १९१९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने झ्युरिकचे भाषाशास्त्रज्ञ हाइनरिख श्मिड यांच्याकडून १९८२ मध्ये एक सामायिक लेखी भाषा तयार करून घेतली. तिचे नाव रुमांच ग्रिशुन. श्मिड यांची पद्धत मतमोजणीसारखी होती : सुर्सिल्वान, सुर्मिरान आणि वालादेर या तीन रूपांपैकी जे रूप दोन ठिकाणी सारखे आढळेल ते घ्यायचे. सरकारी कागदपत्रे, कायदे आणि मतदानाची पत्रके यांसाठी ही भाषा सोयीची ठरली, परंतु २००३ मध्ये कॅन्टनने नवी शालेय पुस्तके यापुढे फक्त याच रूपात छापायची असे ठरवले तेव्हा वाद पेटला. काही गावांनी २००७ पासून शाळांत तिचा स्वीकार केला. पालकांचा विरोध वाढत गेला. २०११ मध्ये कॅन्टनच्या संसदेने खोऱ्यांच्या रूपांत पुस्तके छापण्यास पुन्हा मान्यता दिली, आणि सर्वांत आधी पुढाकार घेणाऱ्या म्युश्ताइरनेच २०१२ मध्ये मतदानाने वालादेरकडे परत जाण्याचा कौल दिला. मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातून शाळेत गेलेल्या वाचकाला या पालकांचे म्हणणे समजावून सांगावे लागणार नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवावा : इथे खोऱ्याच्या रूपालाच चारशे वर्षांची छापील परंपरा आहे, आणि प्रमाण रूप हे कालचे आहे.

शिकणाऱ्याने यातून घ्यायचा व्यावहारिक निष्कर्ष असा की बोलण्यासाठी एका खोऱ्याचे रूप निवडावे आणि रुमांच ग्रिशुन केवळ वाचून समजण्यापुरती ठेवावी. उलट क्रमाने गेलेला माणूस कोणाचीही मातृभाषा नसलेल्या भाषेत बोलू लागतो, आणि गावातल्या आजीला तो सरकारी पत्रकातून उठून आल्यासारखा वाटतो. निवड करताना पहिला निकष भाषिक नसून मानवी असावा : ज्या खोऱ्यात ओळखीचे कुटुंब, सहकारी, सासर किंवा वारंवार जाण्याचे निमित्त आहे तेच रूप घ्यावे. तसे काहीच नसेल तर माझ्या मते सुर्सिल्वान घ्यावी, कारण ती बोलणारे सर्वांत अधिक आहेत आणि डिसेंटिसच्या आसपासच्या गावांत ती अजून दुकानात, शाळेत आणि ग्रामसभेत ऐकू येते. इटालियन आधीपासून येत असेल तर वालादेर अधिक लवकर आपलीशी वाटेल. सुत्सिल्वान बोलणारे अगदी थोडे उरले आहेत आणि तिची शिक्षणसामग्रीही थोडी आहे, म्हणून पहिले रूप म्हणून ती घेऊ नये. दुसरे म्हणून जरूर घ्यावी.

आधी थोडी जर्मन

हे सांगताना थोडे वाईट वाटते, पण लपवून उपयोग नाही : रोमांशची बहुतेक पाठ्यपुस्तके, व्याकरणे आणि शब्दकोश जर्मनच्या माध्यमातून शिकवतात. आज केवळ रोमांश जाणणारा प्रौढ माणूस जवळजवळ सापडत नाही, सगळेच जर्मनही बोलतात, त्यामुळे पुस्तके लिहिणाऱ्यांनीही तोच गृहीत धरलेला वाचक डोळ्यांसमोर ठेवला. पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवनात, तसेच पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकण्याची जुनी सोय आहे. तिचा लाभ घेऊन साधा मजकूर शब्दकोशाच्या मदतीने वाचता येईल एवढी तयारी आधी करावी. लिया रुमांचाचा 'प्लेदारी ग्रोंद' हा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यात जर्मन शब्दावरून रोमांश व रोमांशवरून जर्मन असा दोन्ही बाजूंनी शोध घेता येतो. शोध घेताना रुमांच ग्रिशुनचा कोश उघडला आहे की आपल्या खोऱ्याचा, हे प्रत्येक वेळी पाहून घ्यावे, नाहीतर वहीत दोन भाषांची खिचडी शिजते आणि ती नंतर निवडता येत नाही.

जर्मनचा आणखी एक फायदा आहे. शेकडो वर्षांच्या सहवासामुळे रोमांशने वाक्यरचनेतले काही वळण तिच्याकडून घेतले आहे. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी येते, त्यामुळे वाक्य 'आज' या शब्दाने सुरू झाले तर कर्ता क्रियापदाच्या मागे जातो : 'ओत्स मोन येउ आ कुएरा', म्हणजे शब्दशः 'आज जातो मी कूरला'. मराठीत शब्दांची अशी उलथापालथ आपण हवी तेव्हा, जोर देण्यासाठी करतो. तिथे ती सक्तीची आहे.

कान आणि जीभ

मराठी माणसाला या भाषेत जो सर्वांत मोठा लाभ आहे तो उच्चारात, आणि त्याची जाणीव पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी. 'चाक' मधला च आणि 'चहा' मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो, पण जीभ दोन वेगळ्या ठिकाणी टेकवतो. हिंदी किंवा इंग्रजीतून आलेल्या माणसाला हा फरक पाडायला बरेच दिवस लागतात. रोमांशमध्ये झेड हे अक्षर 'चाक' मधल्या च सारखे उच्चारतात, आणि टी-एस-सी-एच ही चार अक्षरांची लांबलचक जोडणी 'चहा' मधल्या च साठी आहे. याखेरीज तिसरा एक च आहे, तो अधिक मृदू, जिभेचा मधला भाग टाळूला चिकटवून काढलेला. या लेखात तो 'च्य' असा दाखवला आहे. सुरसेल्वात आणि सुर्मिरान भागात तो टी-जी असा लिहितात, तर एंगाडिनमध्ये सी-एच असा. त्यामुळे 'घर' या अर्थाचे सुर्मिरान आणि पुतेर शब्द कागदावर अगदी निराळे दिसतात, परंतु दोन्ही 'च्येझा' असेच ऐकू येतात. वालादेरमध्ये त्याचे 'च्याझा' होते आणि सुर्सिल्वान मात्र लॅटिनचा क तसाच ठेवून 'काझा' म्हणते. या शब्दांतला झ 'झाड' मधल्यासारखा, अगदी हलका काढावा.

सरावासाठी दोन शब्द घ्यावेत. वालादेरमध्ये पाचाला 'चिंच्य' म्हणतात, त्यात पहिला च चहातला आणि शेवटचा मृदू आहे. सुर्सिल्वानमध्ये 'खूप आभार' याला 'एंग्रात्सिएल फेच्य' म्हणतात, त्यात आधी चाकातला च येतो आणि शेवटी पुन्हा मृदू. हे दोन शब्द स्वच्छ उमटले की अर्धी लढाई जिंकली. स हे अक्षर व्यंजनाच्या आधी आले की त्याचा बहुधा श होतो, म्हणून खालच्या एंगाडिनमधल्या मोठ्या गावाचे नाव 'श्कुओल' असे म्हणावे. एंगाडिनच्या लेखनात काही वेळा एस आणि सी-एच यांच्यामध्ये छोटी आडवी रेघ दिसते. ती छपाईतली चूक समजू नये, कारण ती नसेल तर वाचणारा नुसता श म्हणून मोकळा होईल, आणि तिथे तर श आणि मृदू च असे दोन्ही ध्वनी हवे असतात.

शब्दांमध्येही ओळखीचे चेहरे भेटतात. सुर्सिल्वानमधले 'सिआत, ओच्य, नोव, दिएश' आपल्या सात, आठ, नऊ, दहाचे दूरचे चुलतभाऊ आहेत, कारण संस्कृत आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या. बुधवारी तर गंमतच होते : एंगाडिनमध्ये त्या दिवसाला 'मार्कुर्दी' म्हणतात, म्हणजे बुध ग्रहाचाच वार, तर सुरसेल्वातले लोक 'मेझ्याम्ना' म्हणतात, ज्याचा अर्थ आठवड्याचा मध्य. एकाच कॅन्टनमध्ये, दोन डोंगरांच्या अंतरावर, वारांची नावे ठेवण्याचे दोन विचार असे शेजारी नांदतात.

व्याकरणातल्या तीन जागा

संपूर्ण व्याकरण येथे मांडण्याचा हेतू नाही. सुर्सिल्वान निवडणाऱ्याने अडखळू नये म्हणून तीन जागा तेवढ्या दाखवतो. पहिली जागा विशेषणाची. 'चांगला माणूस' याला 'इन बिएन उम' म्हणतात, पण 'माणूस चांगला आहे' असे म्हणायचे झाले की तेच विशेषण 'बुन्स' होते, म्हणजे शेवटी स येतो आणि तोही एकवचनात. अनेकवचन समजून फसू नये. दुसरी जागा स्वतःवर होणाऱ्या क्रियेची. फ्रेंच-इटालियनमध्ये अशा क्रियापदाबरोबरचे सर्वनाम पुरुषाप्रमाणे बदलते. सुर्सिल्वानमध्ये 'से' हा तुकडा क्रियापदाला कायमचा चिकटतो आणि मी, तू, ती या सर्वांसाठी तोच राहतो, जसे आपण मी स्वतःला, तू स्वतःला, ती स्वतःला असे म्हणतो. इटालियन शिकून आलेल्याला हे खटकते, मराठी माणसाला खटकू नये.

तिसरी जागा मला सर्वांत आवडते. 'क्राप' म्हणजे दगड, दोन दगड असतील तर 'दुस क्राप्स', पण डोंगरउतारावर पसरलेल्या दगडांच्या राशीला 'ला क्रापा' म्हणतात, आणि हा शब्द स्त्रीलिंगी एकवचनी चालतो. सफरचंदाचेही तसेच : मोजलेली सफरचंदे वेगळी आणि हंगामात टोपल्या भरून येणारी 'ला मेइला' वेगळी. मोजण्याजोगे अनेक आणि ढिगाने असलेले अनेक यांतला हा भेद शेतकऱ्याच्या आणि गुराख्याच्या व्यवहारातला आहे. आपण दगडगोटे म्हणतो तेव्हा असेच काहीतरी सुचवत असतो, फक्त आपल्या व्याकरणाने त्यासाठी वेगळे खाते उघडलेले नाही. शब्दसंग्रहाची वही ठेवताना अशा नामांसाठी एक पान राखून ठेवावे.

रोजचा सराव

घरबसल्या भाषा कानावर पडावी यासाठी रोमांश भाषेचे सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणी केंद्र हा सर्वांत खात्रीचा आधार आहे. ते कूरमध्ये आहे आणि त्याचे कार्यक्रम इंटरनेटवर ऐकता येतात. तिथे बातम्या रुमांच ग्रिशुनमध्ये वाचल्या जातात, पण निवेदक आणि पाहुणे आपापल्या खोऱ्याच्या रूपात बोलतात, त्यामुळे एका तासात तीन रूपे कानावरून जाऊ शकतात. नवशिक्याने सुरुवातीला घाबरून जाऊ नये आणि रेडिओ बंदही करू नये. फक्त बोलणारा 'मी' कसे म्हणतो एवढे टिपावे, म्हणजे तो कोणत्या खोऱ्यातला हे पंधरवड्यात ओळखता येऊ लागते. वाचनासाठी 'ला क्वोतिदियाना' हे १९९७ पासून निघणारे दैनिक आहे, आणि त्यातला मजकूरही खोऱ्याखोऱ्यांच्या रूपांत असतो. आपल्या रूपातली एक छोटी बातमी रोज, आणि तीही हवामान किंवा ग्रामसभेची, एवढे पुरे आहे.

कॉमन व्हॉइस या मुक्त ध्वनिसंग्रहात सुर्सिल्वान आणि वालादेर या दोन्ही रूपांची अनेक आवाजांतली वाक्ये आहेत. एकच ध्वनी म्हातारा, तरुणी आणि शाळकरी मुलगा कसा काढतात हे ऐकायचे असेल तर त्यापेक्षा सोपी जागा नाही. त्याच संग्रहात मराठीही आहे, तेव्हा ऐकता ऐकता आपल्या भाषेतली दहा वाक्ये वाचून द्यायलाही हरकत नाही.

शब्दांच्या मुळाशी जाण्याची ज्यांना खोड आहे त्यांच्यासाठी 'दित्सियुनारी रुमांच ग्रिशुन' हा महाकोश आहे. नाव सामायिक भाषेसारखे असले तरी त्याचा तिच्याशी संबंध नाही : त्याचे काम १९०४ मध्ये सुरू झाले, पहिला भाग १९३९ मध्ये बाहेर पडला, आणि सर्व खोऱ्यांतले शब्द, म्हणी, चालीरीती नोंदवत तो अद्याप पूर्ण व्हायचा आहे. परीक्षेसाठी त्याचा उपयोग शून्य, पावसाळी दुपारीसाठी अमाप.

ते जर्मनकडे वळतात तेव्हा

प्रत्यक्ष बोलण्याची वेळ आली की एक अडचण हमखास येते आणि तीच या भाषेच्या अस्तित्वाच्या प्रश्नाचे मूळही आहे. समोरचा माणूस परका दिसला, किंवा एखादा शब्द अडखळला, की रोमांश बोलणारा सौजन्यापोटी लगेच जर्मनमध्ये बोलू लागतो. १९३८ च्या २० फेब्रुवारीला, मुसोलिनीची इटली या भाषेला इटालियनची बोली ठरवू पाहत असताना, स्विस मतदारांनी ९० टक्क्यांहून अधिक मतांनी तिला चौथी राष्ट्रीय भाषा केले; १९९६ च्या मतदानाने रोमांशभाषकांशी व्यवहार करताना ती संघराज्याची अधिकृत भाषाही झाली. एवढे कायदेशीर बळ असूनही दुकानाच्या गल्ल्यावर ती हरते, कारण तिथे कायदा नसतो, दोन माणसांची सोय असते. रेल्वे आणि पर्यटन यांमुळे एंगाडिनच्या वरच्या भागात बाहेरचे लोक मोठ्या प्रमाणात आले आणि तिथे ही सोय घरात शिरली.

म्हणून सरावासाठी सेंट मॉरिट्स हे तिथलेच पर्यटकांचे गाव निवडू नये, डोळे दिपतात आणि जीभ जर्मन होते. कॅन्टनच्या भाषाविषयक कायद्यानुसार ज्या नगरपालिका क्षेत्रात किमान ४० टक्के रहिवासी स्थानिक अल्पसंख्य भाषेचे आहेत ते अधिकृतरीत्या एकभाषक मानले जाते आणि तिथे शाळा व कारभार त्या भाषेत चालतो. मुक्कामासाठी असेच गाव शोधावे. लिया रुमांचा आणि इतर संस्था उन्हाळ्यात सुरसेल्वात आणि एंगाडिनमध्ये सघन वर्ग घेतात, त्यांची चौकशी हिवाळ्यातच करून ठेवावी.

गावात गेल्यावर सुरुवात अभिवादनापासून करावी : एंगाडिनमध्ये 'आलेग्रा', सुरसेल्वात 'बिएन दी'. समोरचा जर्मनमध्ये उत्तर देईल तेव्हा रागावू नये आणि हारही मानू नये. सुरसेल्वात 'येउ एम्प्रेंदेल रोमोंच' आणि एंगाडिनच्या खालच्या खोऱ्यात 'एउ इम्प्रेंद रुमांच' म्हणावे, म्हणजे 'मी रोमांश शिकतो आहे', आणि पुन्हा आपल्या वाक्याकडे यावे. हे वाक्य चुकीच्या खोऱ्यात चुकीच्या रूपात म्हटले तरी बिघडत नाही, बहुतेक वेळा त्यावरूनच गप्पांना तोंड फुटते, कारण शेजारच्या खोऱ्याच्या बोलीबद्दल प्रत्येकाला काहीतरी सांगायचे असतेच. गुआर्दासारख्या गावात घरांच्या भिंतींवर कोरून काढलेली नक्षी आणि रोमांशमधली वाक्ये दिसतात. ती मोठ्याने वाचत हळूहळू चालावे, कोणीतरी उच्चार सुधारायला थांबतेच, आणि असा न मागता मिळालेला शिक्षक वर्गातल्या शिक्षकापेक्षा अधिक संयमी असतो.

पहिल्या भेटीची तारीख आपल्या हातात असेल आणि वालादेर किंवा पुतेर निवडली असेल तर १ मार्च साधावा. त्या दिवशी एंगाडिनमध्ये 'च्यालांदामार्त्स' असतो. नावात जुन्या रोमन पंचांगातली मार्चची पहिली तिथी अजून तशीच आहे. गळ्यात गुरांच्या घंटा अडकवून शाळकरी मुले गावभर फिरतात, हिवाळ्याला हाकलतात आणि पाणवठ्यांपाशी थांबून गाणी म्हणतात. ती गाणी रोमांशमधली असतात आणि दर वर्षी तीच असतात, म्हणून एक दिवस आधी पोहोचून त्यांचे शब्द मिळवावेत, रात्री दोनदा मोठ्याने म्हणावेत आणि सकाळी मुलांच्या मागे चालू लागावे.